अण्णा, आता तुम्ही फक्त आराम करा

अण्णा, परवा तुमचा तेरावा झाला. गारखेड्यातल्या घरासमोर मांडव होता, पंगतीमागून पंगत उठत होती आणि प्रत्येक पंगतीतून एकच बोलणं कानावर येत होतं. वयच झालं होतं, सुटले बिचारे. घासामागून घास गिळत हे बोलणाऱ्या माणसांचा मला इतका वीट आला की वाढायचं सोडून मी मागं पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिलो. तिथंही तुमचे जावई, आपल्या मंगलचे मिस्टर आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिलीपराव, तुम्ही काही कमी केलं नाही हो. फुलासारखं ठेवलं अण्णांना." मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला त्या सगळ्या पंगतींपेक्षा जास्त शिसारी आली. म्हणून आज तुमच्याच टेबलावर लिहायला बसलोय.

फुलासारखं ठेवलं हे खोटं नाही. पाणी प्यायलासुद्धा उठू दिलं नाही. दळण बंद, भाजी आणणं बंद, किल्ली लावून गेट उघडणं बंद. शेवटी शेवटी तुमच्या शर्टाची बटणंही सुनंदा लावायची, तुमची बोटं बरी चालत होती तेव्हापासून. सुनेनं सासऱ्याची एवढी सेवा केली म्हणून तिचं नातलगांत नाव झालं आणि असल्या बायकोचा नवरा म्हणून माझंही.

तुम्ही काय करत होता हे आता आपल्या गल्लीत कुणाला माहीत नाही. नव्या लोकांनी तुम्हाला पाहिलं ते गेटच्या आत, खुर्चीत, मांडीवर टॉवेल टाकलेलं. पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली तेव्हा तुम्ही उर्दू शाळेत शिकत होता. पुढं शाळा मराठी झाली, तुमच्या वर्गातली बाकीची मुलं उर्दू सोडून मोकळी झाली, तुम्ही सोडली नाहीत. तहसीलमध्ये कारकून झालात आणि निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद वाचणारा माणूस म्हणून तुमचं नाव झालं. ते अक्षर मी पाहिलंय. घाईत ओढलेलं, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं गाळलेलं, एकात एक गुंतलेलं. शिकस्ता म्हणायचात तुम्ही त्याला. चांगलं उर्दू शिकलेल्या माणसालाही ते लागायचं नाही.

निवृत्त झाल्यावर लोक घरीच यायला लागले. पैठणकडचे, कन्नडकडचे, गंगापूरचे. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पणजोबाच्या वेळची सनद आणि सोबत तुमच्यासाठी पेरू नाहीतर सीताफळं. तुम्ही भिंग घेऊन कागद उजेडाला धरायचात. फसली सालात पाचशे नव्वद मिळवून इसवी सन तोंडी सांगायचात. मग त्या माणसाची उलटतपासणी. तुझ्या आज्याला भाऊ किती? विहीर कुणाच्या वाट्याला? ओढा बांधाच्या अलीकडं की पलीकडं? दोन दोन तास चालायचं. अडलेला शब्द लागला की तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणायचात, "सापडला बेटा." तेव्हा तुमची सत्तरी ओलांडलेली होती आणि तुमच्याइतकं ताजं डोकं आमच्या अख्ख्या कारखान्यात नव्हतं.

कानाचं तेव्हाच सुरू झालं होतं. ती माणसं तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, नाही कळलं तर परत सांगायची, कारण गरज त्यांची होती. आम्हाला तुमची गरज नव्हती. जेवताना आम्ही हसलो की तुम्ही विचारायचात, "काय म्हणला?" आणि आम्ही म्हणायचो, "काही नाही." किती वेळा म्हणालो असेन मी हे? हसण्याची गोष्ट परत सांगितली की तिची मजा जाते, एवढाच हिशेब. त्यावर तुम्ही पुन्हा ताटाकडं बघायचात.

कानाचं मशीन आणलं होतं, हे मंगल सगळ्यांना सांगते. आणलं होतं. तुम्ही चार दिवस घातलं. मिक्सर सुरू झाला की तुम्ही दोन्ही हात कानांवर धरायचात. कुकरची शिट्टी तर सुरीसारखी लागते म्हणालात. दुकानदारानं सांगितलं होतं की पहिले काही आठवडे परत परत आणा, आवाज जुळवून घ्यावा लागतो, कानालाही सवय करावी लागते. एका रविवारी जायचं ठरलं होतं, त्या रविवारी कुणाचा तरी साखरपुडा निघाला. मग मशीन कपाटात गेलं आणि आम्ही म्हणायला मोकळे झालो की अण्णाच हट्टी आहेत. तुम्ही हट्टी होताच. पण तुमचा हट्ट मोडायला मी मशीनच्या किमतीइतकीसुद्धा मेहनत घेतली नाही.

मग आम्ही तुमची पंच्याहत्तरी केली. कल्पना माझीच. हॉल घेतला, फ्लेक्स लावला, त्यावर फेटा बांधलेले तुम्ही आणि खाली आम्हा सगळ्यांची तोंडं. शाल झाली, श्रीफळ झालं, पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं. मग माईकसमोर मी उभा राहिलो. म्हणालो, "आयुष्यभर अण्णांनी कष्ट केले. आजपासून अण्णांनी कागदाला हात लावायचा नाही. आजपासून अण्णांनी फक्त आराम करायचा. ही आम्हा मुलांची त्यांना भेट." हॉलभर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत, लग्नातल्या सोनेरी खुर्चीत तुम्ही बसला होता. तुम्हाला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. सगळे वाजवतात म्हणून तुम्हीही टाळ्या वाजवल्या, माझ्याकडं बघून, हसत. त्याचा व्हिडिओ आहे. मंगलनं तो तेराव्याला फोनवर सगळ्यांना दाखवला. लोक म्हणाले, किती समाधानी माणूस.

आराम ही नुसती सबब होती, हे आता लिहून टाकतो. मी नुकताच मॅनेजर झालो होतो, दारात चारचाकी आली होती आणि व्हरांड्यात चिखलाच्या चपला काढून बसलेली माणसं मला बघवत नव्हती. वाळूजच्या आमच्या कारखान्यातले साहेब लोक घरी आले की ती कोण म्हणून विचारायचे. बाप अजून कागद वाचून देतो म्हणायची मला लाज वाटायची. काय लाज होती ती, अण्णा. आज आठवली की तोंड कडू होतं.

समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी बिडकीनच्या पुढचा एक माणूस आला. आसाराम नाव त्याचं. तुम्ही आत हॉलमध्ये दाराकडं पाठ करून पेपर वाचत होता.

"अण्णासायेब हायेत का?"

"आहेत. पण आता ते कागद बघत नाहीत. वय झालं."

"मागल्या हप्त्यात त्येंनीच बोलावलं व्हतं. निम्मं वाचून झालंय, साहेब. तेवढं शेवटलं पान राह्यलं."

"दुसरं कुणी बघा."

"दुसरं कोन हाय?" तो तुमच्या पाठीकडं बघत म्हणाला. "नुसतं भेटू द्या. लई लांबून आलो."

मी गेट लावलं. त्यानं हाक मारली असती तरी तुम्हाला गेली नसती, आणि हे मला माहीत होतं. जाताना त्यानं पेरूंची पिशवी गेटच्या खांबावर टांगली. रात्रीच्या जेवणात सुनंदानं त्या पेरूंची कोशिंबीर केली. तुम्ही विचारलंत, "पेरू कुठले?" मी कानाशी येऊन मोठ्यानं, नीट ऐकू जाईल असं सांगितलं, "बाजारातले." बघा, सांगायचं असलं की सांगता येत होतं मला.

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही आंघोळ करून, चष्मा पुसून, भिंग शेजारी ठेवून व्हरांड्यात बसायचात. बिडकीनचा शेवटचं पान घेऊन येणार होता, आला कसा नाही, असं आईला विचारायचात. आईला आम्ही गप्प राहायला सांगितलं होतं. आणखी पाचसहा जण आले, ते मी किंवा सुनंदानं परतवले. मग बातमी पसरली असावी. यायचे बंद झाले.

तुम्हाला कळलं ते केस कापायच्या दुकानात. तिथं तुमच्या कचेरीतला कुणी जुना माणूस भेटला, त्यानं पेपरच्या कडेला लिहून सांगितलं म्हणे, की तुमच्या मुलानं बंद केलंय. अर्धी दाढी पुसून तुम्ही तसेच घरी आलात. मी सोफ्यावर होतो. तुम्ही म्हणालात, "दिलीप, तू मला माणसांतून उठवलंस." मी म्हणालो, अण्णा, तुमच्याच भल्यासाठी. तुम्ही कान पुढं केलात. "काय? काय म्हणला?" मी म्हणालो, काही नाही.

आपलं भांडण तिथंच थांबलं. तुमची बाजू तुम्ही मांडलीत, माझी तुम्हाला ऐकूच आली नाही, आणि ती ऐकण्यासारखी नव्हती. तुम्ही दुसऱ्या दिवशीही बोलला नाहीत आणि मला वाटलं, चला, मिटलं.

असं बोलणारा मुलगा तुमच्या पोटी कसा आला? डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी नापास झालो होतो आणि तीन दिवस घरी सांगितलं नव्हतं. तुम्ही मला सायकलवर पाणचक्कीपर्यंत नेलंत, पारावर बसवलंत आणि त्या सनदवाल्यांना विचारता तसं खोदून विचारलंत. कुठला पेपर? कुठला प्रश्न? कळला नाही की आठवला नाही? शिव्या नाहीत, उपदेश नाही. दोन तास तुम्ही फक्त विचारत होता आणि मी सांगत होतो. त्या दिवशी मी वाचलो असं मला अजून वाटतं. एवढं मन लावून माझं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. त्या दोन तासांची परतफेड म्हणून मी तुम्हाला सोनेरी खुर्ची दिली.

पुढं सगळं हळूहळू. पेपर तुम्ही उघडायचात, पान उलटायचं नाही. दुपारी झोप, संध्याकाळी झोप. आम्ही म्हणायचो, बरं आहे, शांत असतात. बीपीची गोळी मी बंद केली होती, कारण घरच्या मशीनवर बीपी चांगलं येत होतं. गोळीमुळंच ते चांगलं येत होतं, एवढं डिप्लोमा झालेल्या माणसाला कळू नये. साखरेचं कुणी बघितलंच नाही, म्हाताऱ्या माणसाला खाऊ द्यावं हो म्हणत सगळे तुमच्या ताटात जिलबी टाकायचे. एकदा सुनंदानं गमतीनं एक फसली साल विचारलं. तुम्ही बोटं मोजायला लागलात. बराच वेळ मोजत राहिलात आणि मग तिच्याकडं असं बघितलंत, की तिनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. तेव्हाही आम्ही वयच म्हणालो. या शब्दाचा मला आता उबग आलाय. त्याच्याखाली काहीही झाकता येतं.

विस्मरणाच्या डॉक्टरांकडं नेलं तोवर तुम्ही आईला ताई म्हणायला लागला होता. डॉक्टर तरुण बाई होती. कागदावर एकेक विचारत होती. ऐकू कधीपासून येत नाही? बीपी? साखर? तंबाखू? चालतात का? मग म्हणाली, "दिवसभर काय करतात?"

मी म्हणालो, "काहीच नाही मॅडम. आम्ही करूच देत नाही. पूर्ण आराम." अभिमानानं म्हणालो, अण्णा.

तिनं पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"सहासात."

"आणि बोलतात कुणाशी?"

सुनंदा माझ्याकडं बघायला लागली, मी भिंतीवरच्या तक्त्याकडं.

ती रागावली नाही. म्हणाली, हा आजार एका कारणानं होत नाही. तुम्ही सगळं नीट केलं असतं तरी कदाचित झाला असता, ते मी सांगू शकत नाही. पण ऐकू न येणं, एकटं पडणं, डोक्याला काम नसणं, अंगाची हालचाल नसणं, वाढलेलं बीपी, वाढलेली साखर, या प्रत्येकानं धोका वाढतो. यातलं बरंचसं वेळेवर बघता आलं असतं. पुढच्यांचं तरी बघा.

त्यातला 'कदाचित' मी उचलला आणि बाकीचं तिच्या टेबलावर ठेवून आलो. पुढची चार वर्षं तो मला पुरला. नातलगांना सांगायचो, डॉक्टरच म्हणाल्या की झालाच असता. ती असं म्हणाली नव्हती. बंद ठेवलेलं मशीन आधी गंजतं, हे वाळूजला तीस वर्षं मी नव्या माणसांना शिकवलं आणि घरी येऊन तुम्हाला खुर्चीत बसवलं.

एकदा मी तुमचे जुने कागद काढले. कुणीतरी सांगितलं होतं की असल्या माणसांना जुनं आवडीचं काही दाखवलं की डोळ्यांत ओळख येते. तुमच्या हातानं नक्कल केलेली एक सनद तुमच्यापुढं धरली. तुम्ही ती उलटी घेतलीत, तिच्या चार घड्या घातल्या आणि तोंड पुसलंत. ओळख वगैरे काही आली नाही. मी चिडून कागद ओढला तर तुम्ही घाबरून दोन्ही हात डोक्यावर घेतलेत. मी तुमच्यावर कधी हात उचलला नव्हता, देवाशपथ. तरी तुम्ही ते हात तसे का घेतलेत, हे मला कधीच कळणार नाही.

आणि मला तुमची किळस यायची. तेही लिहितो, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग काय. लुंगी बदलताना, गादी धुताना मी तोंड फिरवून श्वास घ्यायचो. एकदा मोरीत जाऊन ओकलो. बाहेर आलो तर तुम्ही लहान मुलासारखे माझ्याकडं बघत होता, आणि म्हणालात, "बरं नाही का तुम्हाला?" मला, तुमच्या मुलाला, तुम्ही अहोजाहो करत होता. त्या क्षणी मला माझाच वास यायला लागला.

शहराच्या नावाच्या पाट्या बदलल्या तेव्हा तुम्ही स्वतःचं नाव विसरला होता. पुढं मग न्यूमोनिया, दवाखाना, तीन दिवस आणि संपलं. आईला आम्ही नेलं नाही. तिला सांगितलं, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही. तिला कशाला उगाच, असं सगळ्यांचं एकमत झालं. असली एकमतं आपल्या घरात पटकन होतात.

काल मंगल परत जायला निघाली. आई ओट्याजवळ पाटावर बसून शेंगा सोलत होती. मंगलनं येऊन तिच्या मांडीवरची परात उचलली. "आई, पुरे झालं आता. आता तू काही करायचं नाहीस. फक्त आराम." सुनंदानंही मान डोलावली. आईचे हात मांडीवर तसेच उघडे राहिले. मी उठलो, परात मंगलच्या हातातून घेतली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"हे काय दादा? आता आईकडून काम करून घेणार का तुम्ही? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

ती रडत रिक्षात बसली. बाप जाऊन पंधरा दिवस नाही झाले तर भावानं असं केलं, हे आता सगळ्यांना कळेल. कळू दे.

आईलाही आता कमी येतं ऐकायला, हे तुम्हाला माहीत नसेल. पुढच्या सोमवारी तिच्या कानाची तपासणी आहे, नंबर लावलाय. मी तिच्याजवळ बसलो तर तिनं माझी बाही धरली. म्हणाली, "मंगल कशाला रडली?" आणि मी सांगायच्या आतच, "ते कसं गेले रे? मला कुनीच नीट सांगना. मला काय लहान समजता का?"

सुनंदा दारातून म्हणाली, राहू द्या हो, आत्ताच कशाला. मी पाटाशेजारी फरशीवर मांडी घातली, आईच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. नाकातली नळी ओढून काढत होतात म्हणून तुमचे हात कॉटला बांधले होते, ते सांगितलं. तुम्ही कुणालाच ओळखलं नाहीत, तिचं नाव घेतलं नाहीत, ते सांगितलं. शेवटच्या तासात मी बाहेर चहा प्यायला गेलो होतो, तेही सांगितलं. सुनंदानं खिडक्या लावल्या, कारण माझा आवाज अर्ध्या गल्लीला जात होता. आई रडली. पदर तोंडावरून काढून म्हणाली, "हात बांधले व्हते?" मी म्हणालो, हो. "घट्ट?" मी म्हणालो, कापडानं, पण घट्ट. ती दोनचार शेंगा सोलायची आणि पुन्हा विचारायची, आणि मी पुन्हा सांगायचो. घसा बसला. माझी आंघोळ राहिली होती, फोन वाजत होता. तिसऱ्या वेळेला मला कंटाळा आला, अण्णा. तुमच्या मरणाची गोष्ट सांगताना मला कंटाळा आला आणि उठून जावंसं वाटलं.

आई म्हणाली, "मग?"

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.